माउंट लॉरेल: परवडणारी घरं आली, मग गावाचं काय झालं?

न्यू जर्सी म्हटलं की आपल्याला एडिसन आठवतं, तिथे राहणारे आपले नातेवाईक आठवतात. त्याच राज्याच्या दक्षिणेकडे, फिलाडेल्फियाच्या जवळ, माउंट लॉरेल आहे. 1950 मध्ये तिथली वस्ती होती 2,817. शेतीचं गाव, आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी काही कृष्णवर्णीय कुटुंबं. मग महामार्ग आले, शहरातली माणसं आली आणि 1970 पर्यंत लोकसंख्या 11,221 झाली. बांधकामाचे नियम मात्र असे होते की मोठ्या भूखंडावरच्या स्वतंत्र घराशिवाय दुसरं काही बांधणं जवळजवळ अशक्यच.

जुन्या कुटुंबांनी पडक्या घरांऐवजी 36 सदनिका मागितल्या. 1970 साली महापौरांनी या कुटुंबांच्या चर्चमध्ये येऊन सांगितलं की ज्यांना इथे राहणं परवडत नाही, त्यांनी गाव सोडावं. एथेल लॉरेन्स याच समाजातल्या. त्या कोर्टात गेल्या. 1975 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वाढणाऱ्या प्रत्येक गावाने गरिबांच्या घरांचा आपला वाटा उचललाच पाहिजे. तरीही घरं उभी राहायला 2000 साल उजाडलं. एथेलबाई 1994 मध्येच गेल्या होत्या. त्या 140 घरांना आज त्यांचं नाव आहे.

या घरांसाठी पैसा उभा राहिला त्यात 1986 मध्ये सुरू झालेल्या टॅक्स क्रेडिट योजनेचा मोठा हात होता. आपल्याकडची 80सीसारखी वजावट उत्पन्नातून होते. टॅक्स क्रेडिट थेट भरायच्या करातूनच कमी होतं. राज्य हे क्रेडिट बांधणाऱ्याला देतं, तो ते बँकेसारख्या गुंतवणूकदाराला विकून रोख भांडवल उभं करतो. गुंतवणूकदार 10 वर्षं कर वाचवतो. भांडवल हाती आलं की कर्ज कमी लागतं, हप्ता कमी बसतो, म्हणून भाडं कमी ठेवता येतं.

पण भाड्याची कमाल मर्यादा भाडेकरूच्या पगारावर ठरत नाही, त्या भागाच्या मध्यक उत्पन्नावर ठरते. सगळ्या कुटुंबांना उत्पन्नाच्या क्रमाने उभं केलं तर बरोबर मधल्या कुटुंबाचं उत्पन्न म्हणजे मध्यक. परिसरात श्रीमंत लोक राहायला आले की मध्यक वर सरकतो आणि भाड्याची मर्यादाही चढते, भाडेकरूचा पगार तिथेच असला तरी. लोकसंख्येची घडण अशी घरभाड्यात उतरते. मला या योजनेतली हीच गोष्ट सर्वात जास्त खटकते.

गावाला भीती होती ती गुन्हे, घसरणाऱ्या किमती आणि वाढणाऱ्या करांची. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. शेजारच्या तशाच गावांमधला कल आणि माउंट लॉरेलमधला कल त्यांनी ताडून पाहिला, तेव्हा या घरांमुळे पडलेला फरक तिन्ही बाबतींत सापडला नाही. रहिवाशांसाठी त्यांनी फार विचारपूर्वक तुलना निवडली: घर मिळालेली कुटुंबं आणि अर्ज करून अजून प्रतीक्षा यादीत असलेली कुटुंबं. दोघांचीही इथे येण्याची इच्छा सारखीच, त्यामुळे ‘मुळात धडपडी माणसंच आली’ ही शंका बरीचशी गळून पडते. घर मिळालेल्यांच्या वाट्याला आजूबाजूची हिंसा कमी आली, कमाई वाढली, मुलांना अभ्यासाला शांत कोपरा मिळाला.

सगळीकडे असंच घडतं असं नाही. स्टॅनफर्डच्या रिबेका डायमंड आणि टिम मॅक्वेड यांनी 2019 मध्ये अनेक राज्यांतल्या अशा प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब वस्त्यांत आजूबाजूच्या घरांच्या किमती सुमारे 6.5 टक्के वाढल्या आणि गुन्हे घटले. श्रीमंत वस्त्यांत प्रकल्पाला लागून असलेल्या घरांच्या किमती सुमारे 2.5 टक्के उतरल्या. हे आकडे लपवू नयेत. पण एका बाजूला काही घरांच्या किमतीतली ही घट आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्याच गावातून हाकललं जाणं, ही दोन नुकसानं मी एका तराजूत घालणार नाही.

मॅसींच्या चमूने अगदी लगतच्या वसाहतींतल्या लोकांनाही प्रश्न विचारले होते. एवढा कज्जा ज्या घरांवरून झाला, ती घरं शेजारी आहेत हे त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांना माहीतच नव्हतं.