सूचनापेटीची किल्ली

इंदुरात फाटकावरच्या पाटीवर ‘बाल संप्रेक्षण गृह’ लिहिलेलं असतं, आमच्या मराठी घरांत मात्र अजून ‘रिमांड होम’च म्हणतात. गुन्ह्याचं प्रकरण चालू असलेली अल्पवयीन मुलं तिथे राहतात. बाल न्यायाच्या २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत अशा गृहातल्या सूचनापेटीची जागासुद्धा सांगितली आहे : कार्यालयापासून लांब, मुलांच्या खोल्यांजवळ. मी पाहिलेल्या एका गृहात (गाव मुद्दाम सांगत नाही) ती अधीक्षकांच्या दाराशेजारीच टांगलेली होती. चिठ्ठी टाकायला येणारं पोर टेबलावरून सरळ दिसायचं. तेव्हापासून बाल न्यायाचा कुठलाही कायदा हाती आला की मी आधी एवढंच शोधते : मुलाचं ऐकायला बाहेरून कोण येतं?

१८९७ च्या रिफॉर्मेटरी स्कूल्स (गुन्हा केलेल्या मुलांच्या सुधारशाळा) कायद्यात याचं उत्तर होतं, हे वाचून मी चकित झाले. अधीक्षक नेमला, तर त्याच्या जोडीला अभ्यागतांची समिती नेमायची. तिच्यातल्या कोणीतरी दर महिन्याला शाळेत जायचं, तक्रारी ऐकायच्या, शिक्षांची वही तपासायची, कोणाला बेकायदा डांबून ठेवलंय का ते पाहायचं. शिक्षांची वही! मुलाला कधी, कशासाठी, किती मारलं हे परक्या माणसाने वाचायचं, ही कल्पना इतकी जुनी आहे. अर्थात समिती सरकारनेच नेमलेली. शिवाय होळकरांचं इंदूर ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर, त्यामुळे हा कायदा इथे आपोआप लागू नव्हता. मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये मुलांचा कायदा आला. मध्य प्रदेशाचा बाल अधिनियम १९७० चा.

कागदावर कायदे होते, तरी मुलं मोठ्यांच्या तुरुंगांत सापडतच होती. ते न्यायालयापुढे मांडलं मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी. त्यांच्या याचिकेवर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की जिल्हा न्यायाधीशांनी दंडाधिकारी नेमावेत आणि त्यांनी तुरुंगांत स्वतः जाऊन सोळा वर्षांखालची किती मुलं आहेत ते पाहावं. देशभरासाठी एकच कायदा हवा, असंही न्यायालय म्हणालं. तो त्याच वर्षी संमत झाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण हेच : गृह चालवणाऱ्या खात्याशी देणंघेणं नसलेली एक बाई विचारत राहिली, म्हणून दारं उघडली.

१९९० मध्ये कोंडून ठेवलेल्या मुलांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या हवाना नियमांनी हेच नेमक्या शब्दांत बांधलं. तपासणारे संस्थेच्या प्रशासनातले नसावेत आणि संस्थेला आधी न कळवता त्यांना जाता यावं. आपल्याकडे २००५ च्या कायद्याने बालहक्क आयोग आले. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ५४ ने तपासणी समित्यांना तीन महिन्यांतून एकदा तरी जायला बांधून घातलं : किमान तिघं, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी, अहवाल आठवड्यात. मुलांवरची प्रकरणं चालवणाऱ्या बाल न्याय मंडळानेही दरमहा जायचं आहे.

तरी २०१८ मध्ये बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातला अत्याचार उजेडात आला तो टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाने मुलींशी बोलून केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे. मुलं बोलतात, पण समोरचा माणूस कोणाचा, हे ती आधी ओळखतात. कलम ५४ च्या समित्या राज्य सरकार नेमतं आणि सप्टेंबर २०२२ पासून त्यांचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. सरकारी गृह, सरकारी समिती, सरकारी कारवाई.

सूचनापेटीची किल्ली नियमाप्रमाणे गृहाच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असते. ते अध्यक्ष म्हणजे जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, आणि त्याच समितीचे सचिव म्हणजे गृहाचे अधीक्षक.