मंगळाची कादंबरी आणि मोडणारं पान

कागद जुना झाला की पिवळा पडतो, असं आपण धरून चालतो. मग पुण्याच्या पेशवे दप्तरातले अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद आजही वाचता येतात आणि 1912 सालच्या अमेरिकन मासिकाचं पान उलटताना कोपरा हातात येतो, हे कसं?

ते मासिक म्हणजे 'ऑल-स्टोरी'. फेब्रुवारी ते जुलै 1912 या सहा अंकांत एडगर राइस बरोज यांची मंगळावरची कादंबरी क्रमशः आली. नायक ऐन संकटात आणि पुढचं कळायला महिनाभर थांबायचं! अशा स्वस्त कथा-मासिकांचा पायंडा फ्रँक मन्सी यांचा. 1896 मध्ये त्यांनी 'आर्गोसी' निव्वळ कथांचं केलं आणि लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलं. लगदा म्हणजे पल्प, तेच नाव या मासिकांना चिकटलं. 1926 मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी फक्त विज्ञानकथांसाठी 'अमेझिंग स्टोरीज' काढलं.

लाकडात सेल्युलोजचे धागे असतात आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन. चांगल्या कागदासाठी लाकूड रसायनांत शिजवून लिग्निन काढतात. स्वस्त कागदासाठी ते नुसतं दगडावर घासतात, लिग्निन तसंच राहतं. प्रकाश आणि ऑक्सिजनमुळे त्यात क्विनोनसारखी रंगीत संयुगं बनतात. वर्तमानपत्राचं पान अर्धं पुठ्ठ्याखाली झाकून आठवडाभर उन्हात ठेवा, पुठ्ठ्याची कड पानावर उमटते.

पण पिवळेपणाने पान मोडत नाही, मोडतं ते आम्लाने. शाई फुटू नये म्हणून लगद्यात राळ आणि अ‍ॅल्युमिनियम सल्फेट घालत. ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. सेल्युलोज ही ग्लुकोजच्या मण्यांची लांबलचक माळ. आम्लातला हायड्रोजन आयन दोन मण्यांमधल्या ऑक्सिजनला चिकटतो, बंध सैल होतो, तिथे पाण्याचा रेणू शिरतो आणि माळ तुटते. आयन मात्र सुटून पुढच्या दुव्याकडे जायला मोकळा! तो खर्चच होत नाही, म्हणून अंधाऱ्या कपाटातही पान ठिसूळ होत राहतं. पेशवे दप्तरातल्यासारख्या चिंध्यांच्या हातकागदात लिग्निन नावापुरतं आणि हे आम्लही नाही.

कडुनिंबाचा पाला ठेवला की पुस्तक टिकतं, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. पाल्याने कसर लांब राहीलही, आम्लाला त्याचं काय? लॅमिनेशन तर आम्ल आतच कोंडतं. ग्रंथालयं मॅग्नेशियम ऑक्साइडच्या बारीक कणांनी ते निष्प्रभ करतात. तुटलेली माळ मात्र त्याने पुन्हा सांधत नाही, म्हणून असे अंक हाताळता येतात तोवरच पानन्‌पान स्कॅन करून घ्यावे लागतात.