युरोपातील मायक्रोबायोम उत्पादनांची बाजारपेठ

आतडी, तोंड, त्वचा अशा ठिकाणी वस्तीला असलेल्या सूक्ष्मजीवांच्या समुदायाला मायक्रोबायोम म्हणतात. त्याच्यावर बेतलेली पेये, दही, कॅप्सूल, तंतुमय पूरके, घरबसल्या विष्ठा तपासण्याचे संच आणि अलीकडे उपचारही युरोपात विकले जातात. या बाजाराचे वैशिष्ट्य असे, की माल वाढत गेला, पण 'प्रोबायोटिक' (आरोग्याला उपकारक जिवंत जिवाणू) हे त्याचे नाव लेबलवर छापायला बहुतेक देशांत बंदी होती.

सुरुवात दह्यापासून झाली. स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन वैद्यकाने 1905 मध्ये जिनिव्हात दह्यातला जिवाणू ओळखला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील इल्या मेचनिकोव्ह यांनी बल्गेरियन शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय अशा आंबवलेल्या दुधाला दिले. (त्यांचे 1908 चे नोबेल मात्र रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी होते, जाहिरातवाले हे सोयीने विसरतात.) आयझॅक कारासो यांनी 1919 मध्ये बार्सिलोनात डॅनोन ही कंपनी काढली, तेव्हा तिचे दही औषधांच्या दुकानांत मिळे. खरी लाट आली 1994 मध्ये: जिवाणूयुक्त पेय विकणारी जपानी कंपनी याकुल्ट नेदरलँड्समध्ये उतरली आणि डॅनोनने बेल्जियममध्ये अ‍ॅक्टिमेल हे तसेच पेय आणले. रोज सकाळी एक छोटी बाटली, एका घोटात संपणारी, ही सवय तेव्हापासूनची.

या उत्साहावर कायद्याने विरजण घातले. युरोपीय संघाच्या नियमन 1924/2006 नुसार खाद्यपदार्थावर आरोग्याचा दावा छापायचा, तर आधी युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडून पुरावा तपासून घ्यावा लागतो. 'प्रोबायोटिक' हा शब्दच आरोग्याचा दावा आहे, असा अर्थ युरोपीय आयोगाने 2007 मध्ये लावला. जिवाणूचा वाण नीट वर्णिलेला नाही किंवा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, या कारणांवरून दावे एकामागून एक फेटाळले गेले. 2010 मध्ये डॅनोनने आपले अर्ज मागे घेतले. मान्य झाला तो दह्याचा जुनाच गुण: त्यातले जिवंत विरजण लॅक्टोज (दुधातली साखर) पचायला मदत करते, तेही प्रति ग्रॅम किमान 10 कोटी जिवाणू असतील तरच.

कंपन्यांनी पळवाट काढली. बाटलीत थोडे ब6 आणि ड जीवनसत्त्व घातले, की प्रतिकारशक्तीचा मान्यताप्राप्त दावा त्या जीवनसत्त्वांच्या नावावर छापता येतो. जिवाणूंची फक्त नावे येतात. इटलीने 'प्रोबायोटिक' हा शब्द अटींसह चालू ठेवला आणि 2020 मध्ये स्पेननेही तो मोकळा केला. इतर देशांतून कायदेशीरपणे येणारा माल अडवता येत नाही, हा स्पेनचा युक्तिवाद होता. चिकोरीच्या मुळातील इन्युलिन या तंतुमय घटकाला 2015 मध्ये मान्यताप्राप्त दावा मिळाला: रोज 12 ग्रॅम घेतल्यास पोट नियमित साफ होते.

नव्या पिढीचे ठळक उदाहरण म्हणजे अक्करमान्सिया म्युसिनिफिला हा आतड्यातला जिवाणू. नेदरलँड्सच्या वागेनिंगेन येथील संशोधकांनी 2004 मध्ये त्याचे वर्णन केले. 2021 मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मते सुरक्षित ठरला तो पाश्चरीकरणाने मारलेला जिवाणू. प्रोबायोटिकच्या व्याख्येत जिवाणू जिवंत असावा लागतो, म्हणजे हा त्यात बसतच नाही.

औषधाच्या बाजूला पुरावा अधिक भक्कम आहे. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या तीव्र जुलाब घडवणाऱ्या जिवाणूच्या हट्टी संसर्गावर निरोगी दात्याची विष्ठा देण्याची डच चाचणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. 16 पैकी 13 रुग्ण पहिल्याच मात्रेत बरे झाले. अशी विष्ठा औषध मानायची की ऊती, यावर देशोदेशी वेगळे नियम होते. युरोपीय संघाच्या 2024 च्या नियमनाने तिला रक्त आणि ऊतींच्या पंक्तीला बसवले असून ते ऑगस्ट 2027 पासून लागू होणार आहे.