मराठवाड्यातील परदेश पर्यटन

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतून परदेशी फिरायला जाणाऱ्यांची संख्या गेल्या दोन-तीन दशकांत वाढली आहे. अजिंठा-वेरूळमुळे जग इथे येत असे. इथला माणूस बाहेर निघाला तो बऱ्याच उशिरा, आणि तोही बहुधा काहीतरी निमित्त काढून.

देशाचे चित्र पाहता, १९९१ मध्ये भारतीयांची परदेशगमने सुमारे १९ लाख होती. २०१९ मध्ये ती २ कोटी ६९ लाखांवर गेली, कोरोनाच्या २०२० मध्ये ७३ लाखांपर्यंत घसरली आणि २०२४ मध्ये ३ कोटींच्या पुढे गेली. यात नोकरी-शिक्षणासाठी गेलेलेही मोजले जातात. परकीय चलनावरचे निर्बंध सैल झाले, हे वाढीचे एक मोठे कारण. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये व्यक्तीमागे वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर पाठवण्याची मुभा दिली. २०१५ पासून ती अडीच लाख डॉलर आहे.

मराठवाड्यात पहिले निमित्त यात्रेचे. काशी-गयेला निघालेली यात्रेची बस, सोबत आचारी आणि शिधा, पुढे पशुपतिनाथापर्यंत जाते. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालते. त्यामुळे खेड्यातल्या कितीतरी वृद्धांनी पाहिलेला एकमेव परदेश तोच. बौद्ध उपासक लुंबिनीला जातात. मुस्लिम कुटुंबे हज-उमराहसाठी वर्षानुवर्षे पैसा साठवतात. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून हजची खास विमानेही सुटलेली आहेत. नांदेडच्या शीख भाविकांसाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये उघडलेली, पाकिस्तानातील गुरुद्वाऱ्याकडे जाणारी कर्तारपूर मार्गिका मोलाची होती.

दुसरे निमित्त कंपनीच्या टूरचे, आणि माझ्या मते या भागात परदेशाची भीती मोडली ती त्यानेच. बियाणे, खते, सिमेंट यांच्या कंपन्या विक्रीचे टार्गेट पूर्ण करणाऱ्या दुकानदाराला बँकॉक किंवा दुबईला नेतात. तालुक्याचा कृषी सेवा केंद्रवाला एकदा जाऊन आला की पुढच्या वेळी घरच्यांना स्वखर्चाने नेतो. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिल्यावर हे आणखी सोपे झाले. राज्याच्या कृषी विभागाच्या अनुदानातून शेतकऱ्यांचे परदेशी अभ्यास दौरेही निघतात.

तिसरे, लेकीचे बाळंतपण. पूर्वी लेक माहेरी यायची. आता आई व्हिसा काढून अमेरिकेला जाते, बॅगेत येसर मसाला आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. वडील मागाहून जातात, आणि नातवाचे कौतुक करता करता नायगारा पाहून होतो.

अडचण येते ती कागदांची. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजींनीच १ जून ही जन्मतारीख टाकलेली असते. आधार, पॅन आणि टी.सी. यांवरचे आडनावाचे स्पेलिंग जुळत नाही. २०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाल्याने लांबच्या शहरांचे हेलपाटे कमी झाले. मात्र नियमित आंतरराष्ट्रीय विमान अजूनही मुंबई, पुणे किंवा हैदराबादहूनच गाठावे लागते. देवगिरी एक्स्प्रेस हा त्यासाठीचा जुना आधार. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून जालना, संभाजीनगरची कुटुंबे गाडी करूनही मुंबई विमानतळावर जातात.

ही वाढ बाजारपेठेची गावे, नोकरदार आणि बागायतदार यांच्यापुरती आहे. बीड, धाराशिवच्या ऊसतोड कुटुंबांचा दिवाळीनंतरचा प्रवास अजून कारखान्याकडेच होतो.