केंद्रातून घरी आला, आता पुढचं वर्षभर काय?

नागपुरात एखाद्या घरचा माणूस व्यसनमुक्ती केंद्रातून परत आला की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं, "सुटली बाप्पा एकदाची." आणि दोन-तीन महिन्यांनी तो परत प्यायला लागला की दुसरं, "पैसे पाण्यात गेले, याचं काही होत नसते आता." दोन्ही वाक्यांच्या मुळाशी समज एकच आहे, की माणूस ॲडमिट केला, दारू अंगातून उतरवली, म्हणजे ट्रीटमेंट झाली. खरं तर तेवढ्यात फक्त सुरुवात झालेली असते आणि हे घरच्यांना कोणी नीट समजावून सांगत नाही म्हणून हा लेख.

आधी डिटॉक्सचं, म्हणजे दारू अंगातून उतरवण्याचं बघू, कारण तो भाग सगळ्यात छोटा पण सगळ्यात धोक्याचा. दारू मेंदूतल्या गाबा नावाच्या शांत करणाऱ्या रसायनाचं काम वाढवते आणि ग्लुटामेट नावाच्या उत्तेजित करणाऱ्या रसायनाला दाबते. रोज पिणाऱ्याचा मेंदू वर्षानुवर्षं याच्या उलट दिशेने जोर लावून तोल सांभाळत असतो, रस्सीखेच चालू असावी तसं, आणि मग एक दिवस समोरच्याने दोर एकदम सोडून दिला तर जे होईल ते दारू अचानक बंद केल्यावर होतं. शेवटच्या पेगनंतर 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते, 48 तासांपर्यंत फिट येऊ शकते, आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान डिलिरियम ट्रेमेन्स होतो, म्हणजे भ्रम, अंगावर किडे चालतायत असं वाटणं, ताप, वाढलेले ठोके, आणि वेळेत इलाज झाला नाही तर मृत्यूसुद्धा. त्यामुळे "खोलीत कोंडा, चार दिवस ओरडेल आणि मग बसेल शांत" हा जो सल्ला नातेवाईक देतात तो कृपा करून ऐकू नका. सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्या, मेयो हॉस्पिटलला न्या, मिहानच्या एम्सला न्या, धंतोलीतल्या एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, पण बरीच वर्षं रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरशिवाय एकदम तोडू नका. तिथे बेन्झोडायझेपिन गटातली औषधं देऊन हळूहळू कमी करतात आणि सोबत थायमिन म्हणजे ब-1 जीवनसत्त्व देतात, कारण सतत दारू पिणाऱ्यांमध्ये ते कमी झालेलं असतं आणि त्याच्या अभावाने स्मरणशक्तीचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

हे सगळं साधारण आठवडा-दहा दिवसांत निपटतं. माणूस जेवायला लागतो, चेहऱ्यावर रंग येतो, आणि घरच्यांना वाटतं झाला बरा.

पण मेंदूचं वेळापत्रक वेगळं आहे. अमेरिकेत नोरा व्होल्को यांच्या टीमने 2001 मध्ये मेथॲम्फेटामिनच्या व्यसनातून बाहेर आलेल्या काही लोकांचे मेंदूचे पेट स्कॅन केले. नशा सोडल्यानंतर सुरुवातीच्या काही महिन्यांत डोपामिन या मजेशी जोडलेल्या रसायनाची ने-आण करणारी प्रथिनं कमीच होती, आणि त्याच लोकांना 12 ते 17 महिन्यांनी परत तपासलं तेव्हा ती बरीच भरून आलेली दिसली. अभ्यास छोटा होता आणि नशा दारूपेक्षा वेगळी होती, तरी त्यातून दोन गोष्टी दिसतात, मेंदू सुधारतो हे खरं आणि त्याला वर्षभर लागू शकतं हेही तितकंच खरं. या मधल्या काळात माणसाला कशातच मजा वाटत नाही, चिडचिड होते, झोप तुटक येते. "दारू सोडली तरी तोंड पाडूनच बसतो" अशी बायकोची तक्रार असते ना, त्यामागे बऱ्याचदा हे असतं, तो मुद्दाम करत नाही.

आणखी एक गोष्ट आहे जी ऐकून लोक चकित होतात. आपल्याला वाटतं नशा सुटल्यावर तलफ दिवसेंदिवस कमी होत जाईल, पण उंदरांवरच्या कोकेनच्या प्रयोगांत असं दिसलं की नशेची आठवण करून देणारा संकेत समोर आला की उठणारी तलफ पहिले काही आठवडे उलट वाढत जाते, आणि माणसांमध्येही याच्याशी जुळणारी निरीक्षणं आहेत. म्हणजे महिनाभर केंद्रात राहून माणूस जेव्हा घरी येतो तेव्हा तो तलफेच्या बाबतीत कदाचित सगळ्यात नाजूक जागी उभा असतो आणि नेमकं तेव्हाच आपण त्याचा फॉलोअप बंद करतो!

म्हणून मुक्काम किती दिवसांचा असावा यापेक्षा एकूण ट्रीटमेंट किती महिने चालते हा प्रश्न महत्त्वाचा. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये, जे डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलं, 35 दिवसांचा निवासी कार्यक्रम असतो आणि नंतर पाठपुरावा. व्यसनांवर संशोधन करणारी अमेरिकेची राष्ट्रीय संस्था नायडा सांगते की 90 दिवसांपेक्षा कमी उपचाराचा उपयोग मर्यादित असतो. ते 90 दिवस सगळे केंद्रात काढायलाच हवेत असं नाही, थोडे केंद्रात आणि बाकीचे ओपीडीत असंही चालतं, मधे तुटू नये एवढंच. ज्यांना आधी फिट आली आहे, आत्महत्येचे विचार येतात, सोबत गंभीर मानसिक आजार आहे, किंवा घरात दुसरंही कोणी पिणारं आहे त्यांनी ॲडमिट होणं बरं. पण व्यसन त्या टोकाला गेलेलं नसेल, घरचे सोबत असतील आणि काम चालू असेल तर बऱ्याच जणांचं काम नियमित ओपीडी, औषधं आणि समुपदेशनावर होतं, नोकरीही सुटत नाही. हा पर्याय आपल्याकडे कोणी सांगत नाही, थेट केंद्राचाच पत्ता देतात.

ओपीडीत मग काय होतं, नुसत्या गप्पा? नाही. नाल्ट्रेक्सोन हे औषध पिण्यातून मिळणारी मजा कमी करतं, अकॅम्प्रोसेट दारू सोडल्यानंतरची मेंदूतली अस्वस्थता शांत करायला मदत करतं, लिव्हर-किडनी बघून डॉक्टर यातलं ठरवतात. डायसल्फिरामचं मात्र नीट ऐका. दारू पचताना तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड हे औषध शरीरात साचवतं, म्हणून वरून दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, बीपी पडणं, आणि जीवही जाऊ शकतो. "पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतीवर दिसतात ना, त्यांच्या पुड्यांत काय असतं याची कोणीच खात्री देत नाही, आणि डायसल्फिराम वरणात कालवून देणं म्हणजे नवऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. ते त्याला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं औषध आहे. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर किंवा इतर अफूजन्य नशेसाठी ब्युप्रेनॉर्फिन हे औषध देतात आणि ते महिनोन्महिने चालवावं लागतं. "एक नशा सोडवून दुसरी लावली" असं म्हणून घरचे ते बंद करायला लावतात, आणि मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण नशा महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची ती पचवायची सहनशक्ती उतरलेली असते आणि औषध सुटलेल्या माणसाने नशेचा पूर्वीचाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो.

आता चौकाबद्दल, म्हणजे पिण्याची जागा आणि तिथले दोस्त यांच्याबद्दल. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे बरेच सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स या संशोधिकेने ते घरी परतल्यावर त्यांचा माग काढला, तर तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात फक्त 5 टक्क्यांच्या आसपास लोक परत व्यसनात अडकले. याची कारणं बरीच आहेत, पण एक मोठं कारण म्हणजे ती जागा, ते मित्र, तो ताण सगळं मागे राहिलं. आपला माणूस उलट करतो. तो केंद्रातून निघून त्याच गल्लीत, त्याच पानठेल्यावर, त्याच दोस्तांत येतो, आणि पोळ्याच्या पाडव्याला, मारबतीची मिरवणूक बघायला ग्रुपसोबत निघाला की "आज तर घे बे एक" ठरलेलंच. शेजारचा वर्धा जिल्हा 1974 पासून आणि गडचिरोली 1993 पासून दारूबंदीत आहेत, नागपुरात तसं काही नाही, त्यामुळे इथे प्रत्येक घरालाच आपला प्लॅन करावा लागतो, कामावरून यायचा रस्ता बदलायचा, पगार काही महिने कोणाच्या हाती द्यायचा, लग्नात किती वेळ थांबायचं, तलफ आली तर फोन कोणाला लावायचा. समुपदेशक हेच करून घेतो. एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा एकमेकांना मदत करणारा गट, त्याच्या मीटिंगा फुकट असतात आणि तिथे रात्रीबेरात्री फोन उचलणारा माणूस मिळतो, याचा उपयोग होतो असं अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2020 च्या कॉक्रेन आढाव्यातही दिसलंय.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा, राहिलाच. दारू सोडल्यावर लोक म्हणतात खर्रा तरी खाऊ द्या बिचाऱ्याला. पण तंबाखू सोबतच सोडवली तर दारूचा इलाज बिघडत नाही, उलट सिगारेट सोडण्याची मदत मिळालेल्यांमध्ये दीर्घकाळ नशामुक्त राहण्याची शक्यता सुमारे 25 टक्क्यांनी जास्त दिसली आहे. आणि खर्रा आणायला जायची जागाही तीच, जिथे दोस्त उभे असतात.

एवढं करूनही घसरण होते. 2000 साली मॅक्लेलन या अमेरिकन संशोधकाने सहकाऱ्यांसोबत मांडलं होतं की उपचारानंतर वर्षभरात 40 ते 60 टक्के लोक परत नशा करतात, आणि बीपी किंवा दम्याच्या पेशंटमध्ये त्रास उलटण्याचं प्रमाणही साधारण असंच, 50 ते 70 टक्के असतं. बीपी वाढला म्हणून आपण कोणाला नालायक म्हणत नाही, गोळी बदलून घेतो. एकदा प्याला तर त्याच आठवड्यात ओपीडीत न्या, भांडण नंतर करा.

आणि केंद्र निवडताना मारहाण, साखळी, जबरदस्तीने उचलून नेणारी गाडी असं काही दिसलं तर तिथून परत फिरा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये साखळीने बांधायला सरळ बंदी आहे. डॉक्टर रोज येतात का, रात्री फिट आली तर कुठे नेणार, घरच्यांना भेटू देता का, डिस्चार्जनंतर फॉलोअप किती महिने, हे चार प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारा. 2019 च्या दिल्लीच्या एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे एकालाच कुठलाही उपचार मिळाल्याचं दिसलं होतं. कुठे जायचं कळत नसेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416, दोन्ही फुकट. फोन घरच्यांनी केला तरी चालतो, पिणारा तयार असायलाच पाहिजे असं नाही.