कर्ट फ्लड: हरलेली केस आणि ‘एक वर्ष’ या दोन शब्दांचा घोळ

अमेरिकेत बेसबॉलचा सीझन संपला की कुठला प्लेअर किती कोटी डॉलरला कुठल्या टीमकडे गेला याच्या बातम्या सुरू होतात, आणि मग कोणीतरी लिहितंच की ही फ्री एजन्सी, म्हणजे करार संपला की हव्या त्या टीमकडे जायची मोकळीक, 1960 च्या दशकातल्या कर्ट फ्लड या प्लेअरने कोर्टात भांडून मिळवली. तसं झालेलं नाही. फ्लड केस हरला, तिन्ही कोर्टांत हरला, आणि फ्री एजन्सी आली ती तीन वर्षांनी वेगळ्याच दाराने. यात त्याचं मोठेपण कमी होत नाही, उलट वाढतं असं माझं मत आहे, पण त्यासाठी नक्की काय झालं ते नीट बघायला हवं.

करिअरचं थोडक्यात सांगतो. जन्म 1938 चा, ह्यूस्टनचा, वाढला ओकलंडला. 1956 मध्ये सिनसिनाटीने घेतला आणि मेजर लीगच्या खालच्या मायनर लीगमध्ये पाठवला, तेही दक्षिणेत, जिथे काळा म्हणून टीमबरोबर हॉटेलात जेवायला बसता यायचं नाही. पुढच्या वर्षी सव्हानाला असताना दोन मॅचच्या मधल्या वेळात त्याचा घामाने भिजलेला युनिफॉर्म गोऱ्यांच्या कपड्यांत मिसळू नये म्हणून काठीने उचलून वेगळ्या लाँड्रीत धाडला होता. 1957 च्या डिसेंबरात तो व्हेनेझुएलात खेळत असताना कळलं की आपल्याला सेंट लुईसला देऊन टाकलंय. तिथे मात्र 12 सीझन खेळला, सेंटर फील्डला सलग 7 गोल्ड ग्लोव्ह (फील्डिंगचं बक्षीस), 1964 आणि 1967 ला वर्ल्ड सिरीज म्हणजे सीझनची फायनल जिंकली, 1966 चा अख्खा सीझन फील्डिंगमध्ये एकही एरर नाही. 1968 च्या फायनलला सातव्या मॅचमध्ये एक उंच बॉल त्याला समजला नाही आणि सिरीज गेली, ते लोक अजून काढतात.

मग 7 ऑक्टोबर 1969. फिलाडेल्फियाला ट्रेड, म्हणजे न विचारता दुसऱ्या टीमला देऊन टाकला. बारा वर्षं जिथे घालवली त्या क्लबच्या ऑफिसातल्या कुठल्यातरी मधल्या साहेबाचा फोन आला, बस्स. काहीजण म्हणतात याला तत्त्व वगैरे काही नव्हतं, याला फिलाडेल्फिया नको होतं. नकोच होतं, तिथलं पब्लिक काळ्या प्लेअरना कसं वागवतं हे तो उघड बोलायचा. पण नकोशा शहरात जायचं नसेल तर रिटायर होता आलं असतं, किंवा गपचूप जाऊन वर्षाला 90 हजारांच्या वर डॉलर कमावता आले असते. त्याने 24 डिसेंबरला कमिशनरला, म्हणजे लीगच्या प्रमुखाला, पत्र लिहिलं की बारा वर्षांनंतर मी काही विकत घ्यायची-विकायची वस्तू नाही, बाकीच्या टीमच्याही ऑफर मला बघायच्या आहेत. ते मान्य झालं नाही, तेव्हा तो कोर्टात गेला. त्याआधी प्लेअरच्या युनियनच्या प्रमुखाने स्पष्ट सांगितलं होतं की केस हरशील आणि करिअरही संपेल. त्यावर त्याने विचारलं, पुढच्या प्लेअरना फायदा होईल का? होईल म्हटल्यावर म्हणाला, मग पुरे.

आता तो घोळ. प्लेअरला क्लबशी बांधून ठेवणारं कलम म्हणजे रिझर्व्ह क्लॉज, ते 1879 पासूनचं, सुरुवातीला टीममागे पाच प्लेअर राखायचे एवढंच होतं, मग सगळ्यांना लागू झालं. कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं काय, तर प्लेअरने सही केली नाही तर क्लब जुन्याच अटींवर ‘एक वर्षासाठी’ कॉन्ट्रॅक्ट वाढवू शकतो. मालक म्हणायचे, वाढवलेल्या कॉन्ट्रॅक्टमध्येही हेच कलम आहे ना, मग पुढच्या वर्षी परत वाढवू, त्याच्या पुढच्या वर्षी परत, म्हणजे एका वर्षाची मुदत जन्मभराची झाली. आणि गंमत नाही, खरोखर वाईट गोष्ट ही की फ्लडच्या केसमध्ये या अर्थाला कोणी हातच लावला नाही. अर्थ मालकांचाच धरून चालले आणि भांडण कशावर, तर हे मक्तेदारीविरोधी कायद्यात बसतं का. तिथे 1922 चा निकाल आडवा आला की बेसबॉल हा राज्या-राज्यांमधला व्यापारच नाही म्हणून तो कायदा लागू नाही. 1953 ला तोच निकाल कायम केला. तोपर्यंत रेडिओ आला होता, टीव्ही आला होता, टीम अर्धा देश ओलांडून खेळायला जात होत्या, आणि 1955 ला बॉक्सिंगला आणि 1957 ला अमेरिकन फुटबॉलला तोच कायदा लागू आहे असं याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं.

19 जून 1972 ला फ्लडच्या केसचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, 5 विरुद्ध 3 ने त्याच्या विरोधात. एक जज बाजूला झाले कारण सेंट लुईसची मालक असलेल्या बिअर कंपनीचे शेअर त्यांच्याकडे होते. निकालात बेसबॉलचं कौतुक पानभर, जुन्या प्लेअरच्या नावांची लांबच लांब यादी, आणि मग कबुलीसुद्धा की हो, बेसबॉल व्यापार आहे, ही सूट विसंगतच आहे, पण इतकी वर्षं चाललीय तर आता काँग्रेसने बदलावी. चूक आहे हे मान्य करून चूक चालू ठेवली, मला तरी हा निकाल दुसऱ्या कुठल्या पद्धतीने वाचता येत नाही. खालच्या कोर्टात साक्षीला जॅकी रॉबिन्सन, आधुनिक मेजर लीगमधला पहिला काळा प्लेअर, आला होता, पण त्या वेळी खेळत असलेला एकही प्लेअर कोर्टात आला नाही. केसला 25 विरुद्ध 0 मतांनी पाठिंबा दिला होता तो याच प्लेअरच्या युनियनमधल्या प्रतिनिधींनी.

फ्लड 1970 पूर्ण घरी बसला, 1971 ला वॉशिंग्टनकडून 13 मॅच खेळला, 35 वेळा बॅटिंगला जाऊन 7 हिट, आणि एप्रिल संपायच्या आत सोडून स्पेनला निघून गेला. 33 वर्षांचा होता.

पण केस चालू असतानाच, 1970 च्या करारात युनियनने तक्रारींसाठी त्रयस्थ लवाद मिळवला होता. 1973 ला नियम आला की 10 वर्षं सर्व्हिस आणि शेवटची 5 एकाच टीमकडे असतील तर प्लेअर ट्रेड नाकारू शकतो, फ्लडला हा चपखल लागू झाला असता. आणि 1975 ला दोन पिचर (बॉल टाकणारे प्लेअर) लवादाकडे गेले ते कायदा वगैरे सोडून फक्त अर्थ विचारायला, ‘एक वर्ष’ म्हणजे किती? डिसेंबरात लवाद म्हणाला, एक वर्ष. तिथे फ्री एजन्सी सुरू झाली. मालकांनी लवादाला लगेच काढलं, कोर्टातही गेले, पण निर्णय टिकला.

फ्लड 20 जानेवारी 1997 ला घशाच्या कॅन्सरने गेला, हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या यादीत, अजून नाही. 1998 ला काँग्रेसने त्याच्या नावाचा कायदा केला, त्या सूटमधून मेजर लीगच्या प्लेअरना बाहेर काढलं. मायनर लीगवाले त्यात घेतले नाहीत, म्हणजे सव्हानात ज्याचा युनिफॉर्म काठीने उचलला तो 19 वर्षांचा पोरगा त्या कायद्यात बसला नसता.