फोन टॅपिंगला जज का लागत नाही

आपल्याकडे फोन ऐकायला कोर्टाचं वॉरंट लागत नाही, गृहसचिवाची सही पुरते. आणि हे कायद्यातच बसतं.

मूळ १८८५ चा तार कायदा, कलम ५(२). सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता हे कारण असेल तरच संदेश, म्हणजे फोनही, मधेच ऐकायचे, पण ते कोणत्या पद्धतीनं, याचे नियम स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं कोणी केले नाहीत. त्यात १९७२ ला मुंबईच्याच एका लाचेच्या केसमधे सुप्रीम कोर्ट म्हणालं की रेकॉर्डिंग बेकायदा असलं तरी पुरावा म्हणून चालेल.

खरी गोष्ट ठरली १९९६ ला. नेत्यांचे फोन टॅप झाल्याचा बोभाटा झाला होता, एक नागरी हक्क संघटना कोर्टात गेली, मागणी सरळ होती की आधी जजची परवानगी हवी. कोर्टानं टॅपिंग म्हणजे खासगीपणावर घाला हे मान्य केलं पण कायद्यात तरतूदच नाही म्हणून जजची अट घालायला नकार दिला. त्याऐवजी काय, तर गृहसचिवाची ऑर्डर, दोन महिन्यांची मुदत, जास्तीत जास्त सहा महिने, आणि तपासायला समिती, तीही सचिवांचीच! म्हणजे ऑर्डर काढणारे सरकारी बाबू आणि ती बरोबर की चूक बघणारेही सरकारी बाबू. माझ्या मते सगळं घोडं इथेच अडलं, कारण टॅपिंगचे २००७ चे नियम याच साच्यातले, इंटरनेटसाठीचे २००९ चेही तसेच. २०१८ च्या एका सरकारी समितीच्या अहवालातच आहे की ऑर्डरी तपासणाऱ्या समितीला एकेका बैठकीत १५ ते १८ हजार ऑर्डरी बघायच्या असतात. एवढ्या कोण वाचणार?

२०१७ ला खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. त्याच्या जोरावर २०१९ ला मुंबई हायकोर्टानं लाचेच्या एका केसमधल्या तीन ऑर्डरी रद्द केल्या, रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं, म्हटलं यात सार्वजनिक सुरक्षितता कुठे आहे.

मग २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला, २०२४ ला नियम आले, जज त्यातही नाही. आणि २०२५ मधे काही दिवसांच्या अंतरानं दिल्ली हायकोर्टानं भ्रष्टाचाराच्या केसमधलं टॅपिंग चालवून घेतलं आणि मद्रास हायकोर्टानं तसंच एक रद्द केलं.